सॅटेलाइट रिटायर कसा करायचा: कायदा, कागदपत्रं आणि टाकीतलं शेवटचं फ्युएल

इंजिनिअरिंगची पोरं, मग ती गोव्यात झुआरीनगरची असोत नाहीतर फर्मागुडीची, सॅटेलाइटबद्दल बोलायला लागली की कॅमेरा कुठला, रॉकेट कुठलं, लॉंच कधी यावर तासभर बोलतात, आणि तो बंद पडल्यावर त्याचं काय करणार असं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. मी कायद्याच्या बाजूची आहे, थ्रस्टर, म्हणजे सॅटेलाइटला ढकलणारं छोटं इंजिन, बनवणं माझं काम नाही, पण या प्रश्नाचं अर्धं उत्तर आंतरराष्ट्रीय करारांत आणि अर्धं फ्युएलच्या टाकीत असतं, आणि ही दोन्ही अर्धी मराठीत एका जागी असावीत असं मला फार दिवस वाटत होतं म्हणून हे सविस्तर लिहितेय. कॉलेजच्या टीममध्ये असाल, स्टार्टअप काढायच्या विचारात असाल किंवा लॉ कॉलेजात असाल, कामाला येईल.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. सॅटेलाइटचा शेवट लॉंचच्या आधी ठरवायचा असतो. वर गेल्यावर, त्यातही तो बंद पडल्यावर, तुमच्या हातात जवळजवळ काहीच उरत नाही, कारण त्याला ढकलायला फ्युएल लागतं, त्याला सांगायला रेडिओ लागतो, आणि दुसऱ्या कुणी जाऊन तो उचलावा म्हटलं तर कायदा आडवा येतो. तो आडवा कसा येतो तिथूनच सुरुवात करू.

आधी ठरवा, तो कुणाचा

१९६७चा अंतराळ करार हा सगळ्याचा पाया. त्यातलं कलम ६ सांगतं की अंतराळात तुमच्या देशातल्या कुणीही काहीही केलं, सरकारी असो की खासगी, तरी आंतरराष्ट्रीय जबाबदारी देशाची. शिवाय देशानं खासगी लोकांना नुसती परवानगी देऊन मोकळं व्हायचं नाही, नंतरही सतत लक्ष ठेवायचं. आपल्याकडे खासगी कंपन्या आणि कॉलेजांसाठी हे काम इन-स्पेस हे परवाने देणारं सरकारी केंद्र करतं, २०२० मध्ये ते उभं राहिलं, मुख्यालय अहमदाबादला आहे. २०२३ मध्ये भारतीय अंतराळ धोरण आलं आणि २०२४ मध्ये इन-स्पेसनं अर्ज, अटी, प्रक्रिया यांचे सविस्तर नियम काढले. संसदेनं पास केलेला स्वतंत्र अंतराळ कायदा मात्र अजून आपल्याकडे नाही, ही मला मोठी उणीव वाटते आणि ती का ते खाली येईलच.

दुसरं, १९७२चा लायबिलिटी करार, म्हणजे नुकसानीची जबाबदारी कुणाची ते ठरवणारा. यात लॉंच करणारा देश कोण याची व्याख्या फार ऐसपैस आहे. जो देश लॉंच करतो तो, जो लॉंच करवून घेतो तो, ज्याच्या जमिनीवरून लॉंच झालं तो आणि ज्याची सुविधा वापरली तोही. समजा फोंड्यातल्या एका टीमनं सॅटेलाइट बनवला आणि परदेशी रॉकेटवर जागा विकत घेऊन अमेरिकेतून वर पाठवला. मग भारत आणि अमेरिका दोघंही लॉंच करणारे देश ठरू शकतात, आणि नुकसान झालं तर ज्याचं नुकसान झालं तो दोघांतल्या कुणाकडूनही पूर्ण भरपाई मागू शकतो, नंतर ते दोघं आपापसात काय ते बघतील. म्हणून परदेशातून लॉंच केलं म्हणजे भारताचा संबंध संपला असं समजू नका. परवान्याच्या अर्जात डिस्पोजलबद्दल, म्हणजे शेवटी सॅटेलाइटची विल्हेवाट कशी लावणार याबद्दल, एवढं खोदून का विचारतात याचं कारण हेच आहे, बिल शेवटी सरकारच्या नावावर येणार असतं आणि सरकार ते तुमच्याकडे वळवायची सोय करून ठेवणारच.

तिसरी गोष्ट मालकी. १९६७च्या करारातलं कलम ८ म्हणतं की ज्या देशाच्या रजिस्टरमध्ये वस्तूची नोंद आहे त्याचाच तिच्यावर अधिकार आणि ताबा राहतो, आणि वस्तू अंतराळात आहे, बंद आहे, तुटली आहे म्हणून मालकी बदलत नाही. गोव्यातल्या माणसाला हे समजावायला कांदोळीचं रिव्हर प्रिन्सेस पुरेसं आहे. जून २००० मध्ये ते जहाज किनाऱ्याजवळ रुतलं आणि दहा वर्षांहून जास्त काळ तिथंच गंजत पडलं, वाळू धुपली, कोर्टकचेऱ्या झाल्या, पण निदान सरकारला कायदा करून ते ताब्यात घेता आलं आणि तोडून हलवायचं कंत्राट देता आलं. समुद्रात टाकून दिलेल्या जहाजासाठी सॅल्व्हेजचा, म्हणजे दुसऱ्यानं ते वाचवून किंवा उचलून नेण्याचा, जुना मुरलेला कायदा आहे. अंतराळात तसं काहीच नाही. १९९५ मध्ये बंद पडलेला रशियन सॅटेलाइट आजही रशियाचाच, त्याचा एक निखळलेला स्क्रूसुद्धा रशियाचाच, आणि परवानगीशिवाय त्याला हात लावणं म्हणजे दुसऱ्या देशाच्या मालमत्तेला हात लावणं.

म्हणूनच कचरा उचलायचे जे प्रयोग झालेत ते बघा, जपानच्या अ‍ॅस्ट्रोस्केलनं २०२४ मध्ये अ‍ॅड्रास-जे हे यान एका जुन्या रॉकेट टप्प्याच्या अगदी जवळ, १५ मीटरपर्यंत नेलं, आणि तो टप्पा जपानचाच होता. युरोपनं क्लिअरस्पेस मिशनसाठी ठरवलेलं टार्गेटही युरोपचंच. तांत्रिकदृष्ट्या दुसऱ्याचा कचरा उचलायला काही वेगळं लागत नाही, पण कायद्यानं सरळ रस्ता फक्त आपलाच कचरा उचलायचा आहे. तेव्हा पुढेमागे कुणीतरी येऊन आपला उचलेल या भरवशावर डिझाइन करू नका.

मग कायदा डिस्पोजल करा असं सांगतो का

खरं सांगायचं तर करारांत तसं एकही वाक्य नाही. १९६७च्या करारात कलम ९ आहे, दुसऱ्यांच्या हिताचा योग्य विचार करा, घातक दूषितीकरण टाळा, वगैरे. पण सॅटेलाइट रिटायर झाल्यावर तो खाली आणा किंवा बाजूला न्या असं थेट बंधन कुठंच नाही, कारण तेव्हा वर होतंच किती. सविस्तर नियम आले ते मार्गदर्शक तत्त्वं म्हणून. अंतराळ संस्थांची आयएडीसी नावाची समिती १९९३ पासून आहे, इस्रो तिची सदस्य आहे, तिनं २००२ मध्ये गाइडलाइन्स काढल्या, २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंतराळ समितीनं आपल्या गाइडलाइन्स काढल्या आणि महासभेनं त्यांना मान्यता दिली. पण त्या ऐच्छिक आहेत. मोडल्या म्हणून कुणी तुम्हाला हेगच्या कोर्टात नेणार नाही.

पण यातून काही पाळलं नाही तरी चालतं असा अर्थ काढू नका, हीच चूक सगळ्यात जास्त होते. ऐच्छिक तत्त्वं बंधनकारक होतात ती तुमच्या देशाच्या लायसनमधून. अमेरिकेत एफसीसीनं, म्हणजे तिथल्या दळणवळण नियामकानं, २०२२ मध्ये ठरवलं की खालच्या कक्षेतला सॅटेलाइट काम संपल्यावर ५ वर्षांत खाली यायला हवा, आधीचा आकडा २५ वर्षांचा होता, आणि अमेरिकन मार्केटमध्ये सेवा द्यायची असेल तर परदेशी सॅटेलाइटलाही हे लागू. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच एफसीसीनं डिश नेटवर्कला दीड लाख डॉलरचा दंड केला. त्यांचा इकोस्टार-७ हा २००२ मध्ये गेलेला सॅटेलाइट रिटायर करताना जिओ कक्षेच्या, म्हणजे टीव्हीचे सॅटेलाइट असतात त्या ३५,७८६ किलोमीटरवरच्या कक्षेच्या, ३०० किलोमीटर वर नेऊ असं त्यांनी प्लॅनमध्ये लिहून दिलं होतं, फ्युएल कमी पडलं आणि तो १२२ किलोमीटरवरच राहिला. स्पेस डेब्रीसाठी, म्हणजे अंतराळातल्या कचऱ्यासाठी, झालेली ही अशी पहिली कारवाई. रक्कम त्या कंपनीच्या मानानं किरकोळ असेल, पण दंड कशासाठी झाला ते नीट बघा, अंतराळ करार मोडल्याबद्दल नाही तर स्वतः लिहून दिलेला प्लॅन पाळला नाही म्हणून. तुम्ही अर्जात जे लिहाल ते तुमच्यावर बंधन आहे असं समजूनच लिहा, छान दिसावं म्हणून आकडे टाकू नका.

आपल्याकडे इस्रोनं एप्रिल २०२४ मध्ये बंगळुरूच्या आयएडीसी बैठकीत जाहीर केलं की २०३० पर्यंत भारतातल्या सगळ्यांची, सरकारी आणि खासगी, मिशन्स कचरामुक्त करायची. तुमचा प्रोजेक्ट आज कागदावर असेल तर लॉंच होईपर्यंत २०३० आलेलंच असणार, म्हणजे हे तुमच्यासाठीच आहे.

कक्षा निवडताना शेवट मोजा

खालच्या कक्षेत विरळ का होईना पण हवा असते, तिच्या घर्षणानं सॅटेलाइट हळूहळू खाली येतो. ढोबळ हिशोब असा की ४०० किलोमीटरवर काही महिने ते वर्षभर, ५०० वर काही वर्षं, ६०० वर दहा-वीस वर्षं किंवा त्याहून जास्त, ८०० वर शतक आणि पुढं, आणि १०००च्या वर गेलात तर पुढच्या कितीतरी पिढ्या. वस्तू जड आणि आटोपशीर असेल तर जास्त वेळ, हलकी आणि पसरट असेल तर कमी. सूर्य किती तापलाय यावरही खूप अवलंबून, फेब्रुवारी २०२२ मध्ये भूचुंबकीय वादळामुळे वातावरण फुगलं आणि स्टारलिंकनं नुकत्याच सोडलेल्या ४९ पैकी ४० पर्यंत सॅटेलाइट कक्षेत टिकलेच नाहीत.

कॉलेजचा क्यूबसॅट असेल, १० सेंटिमीटरचा ठोकळा किंवा असे दोन-तीन जोडलेले, तर त्याला बहुधा थ्रस्टर नसतो. अशा वेळी डिस्पोजलचा सगळा प्लॅन म्हणजे कक्षेची उंची, बाकी काही नाही. ५०० किलोमीटरच्या खाली राहा. राइडशेअरमध्ये, म्हणजे अनेकांनी वाटून घेतलेल्या रॉकेटवर, जागा स्वस्त मिळतेय म्हणून ६५० वर जायचा मोह होतो, पण तिथं मग उघडणारं पाल, म्हणजे ड्रॅग सेल, लावावं लागतं, त्याचं वजन, त्याची टेस्टिंग, आणि ते उघडलं नाही तर काय याचं उत्तर. मी तरी सांगेन की तुमचं काम खालच्या कक्षेत होत असेल तर उंच जाऊच नका. आयुष्य मोजताना तो लॉंचच्या दिवशीच मेला असं धरून मोजा, पहिल्या दिवसापासून गप्प राहणारे क्यूबसॅट काही कमी नाहीत.

मोठा सॅटेलाइट असेल आणि थ्रस्टर असेल तर दोन रस्ते. पहिला म्हणजे पेरिजी खाली आणायची, कक्षेचा पृथ्वीला सगळ्यात जवळचा बिंदू इतका खाली न्यायचा की बाकीचं काम हवा करेल. इस्रोनं कार्टोसॅट-२चं हेच केलं. २००७च्या जानेवारीत गेलेला, ६८० किलोचा, ६३५ किलोमीटरवर होता, तसाच सोडला असता तर खाली यायला ३० वर्षं लागली असती. टाकीत २६ किलो फ्युएल उरलं होतं, ते वापरून पेरिजी ३८० किलोमीटरवर आणली आणि १४ फेब्रुवारी २०२४ला तो हिंदी महासागरावर वातावरणात शिरून संपला. फार काही शौर्याचं काम नाही वाटत, पण २६ किलो फ्युएल राखून ठेवण्यात कुणाचा तरी अनेक वर्षांचा संयम आहे, कारण ते जाळून आणखी फोटो काढता आले असते.

दुसरा रस्ता म्हणजे कंट्रोल्ड री-एंट्री, कुठं पाडायचा ते आपण ठरवायचं. याचं उदाहरण मेघा-ट्रॉपिक्स-१, भारत आणि फ्रान्सचा मिळून, १२ ऑक्टोबर २०११ला गेलेला, साधारण १००० किलोचा, ८६७ किलोमीटरवर. याला आपोआप खाली यायला शंभर वर्षांहून जास्त लागली असती. शेवटी १२५ किलोच्या आसपास फ्युएल होतं, आणि मजा बघा, हा सॅटेलाइट अशा री-एंट्रीसाठी बनवलेलाच नव्हता. तरी टप्प्याटप्प्यानं खाली आणत ७ मार्च २०२३ला प्रशांत महासागराच्या निर्जन भागावर तो उतरवला. याची कक्षा विषुववृत्ताला २० अंश कललेली होती आणि गोवा साडेपंधरा अंशांवर आहे, म्हणजे तो आपल्याही डोक्यावरून जायचा. एकूणच साडेपंधरा अंशांहून जास्त कललेल्या कक्षेतला प्रत्येक सॅटेलाइट कधी ना कधी आपल्या अक्षांशावरून जातो, ध्रुवीय कक्षावाले तर धरूनच.

कुठला रस्ता निवडायचा? वातावरणातून वाचून खाली किती तुकडे येतील याचा हिशोब करावा लागतो. जगभर वापरला जाणारा निकष असा की एका री-एंट्रीत कुणी जखमी व्हायची शक्यता १०,००० मध्ये १ पेक्षा कमी हवी. छोटा सॅटेलाइट पूर्ण जळतो, तिथं प्रश्न नाही. टायटॅनियमच्या टाक्या, मोठे स्टीलचे भाग, काचेचे जाड आरसे असतील तर ते टिकतात, मग कंट्रोल्ड री-एंट्री करावी लागते किंवा डिझाइन करतानाच लवकर वितळणारं मटेरियल निवडावं लागतं. पाडायची नेहमीची जागा म्हणजे दक्षिण प्रशांतातला पॉइंट नेमोचा परिसर, तिथून सगळ्यात जवळची जमीन २,६८८ किलोमीटरवर, मीर स्थानक २००१च्या मार्चमध्ये त्याच निर्जन समुद्रात उतरवलं.

खाली आणताना वाटेत आयएसएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक, आहे, चिनी स्थानक आहे, दोन्हींत माणसं आहेत. म्हणून प्रत्येक बर्नच्या, म्हणजे थ्रस्टर पेटवायच्या, आधी टक्कर तपासून घ्या, भारतात हे काम बंगळुरूच्या आयएस-फोर-ओएम केंद्रातून चालतं, २०२२ मध्ये ते सुरू झालं. आणि कंट्रोल्ड री-एंट्री असेल तर विमानांसाठी नोटॅम आणि जहाजांसाठी समुद्री इशारे आधी निघायला हवेत. आपल्या भागातल्या, म्हणजे नॅव्हएरिया ८ मधल्या समुद्री इशाऱ्यांचं समन्वयाचं काम भारताकडेच आहे. मालीम किंवा कुटबणच्या जेटीवरून खोल समुद्रात जाणाऱ्या ट्रॉलरवाल्यांना असे इशारे मिळतात ते याच व्यवस्थेतून, त्यामुळे हे तुमच्या चेकलिस्टमधलं कंटाळवाणं शेवटचं कलम समजू नका, तारीख आणि पट्टा वेळेत द्या.

जिओ कक्षा

३५,७८६ किलोमीटरवरचा टीव्हीचा सॅटेलाइट खाली आणायला प्रचंड फ्युएल लागेल म्हणून तो वर ढकलतात. किती वर, याचं आयएडीसीचं सूत्र आहे. २३५ किलोमीटर, अधिक १००० गुणिले प्रकाशदाब गुणांक (सूर्यप्रकाश सॅटेलाइटला किती ढकलतो ते सांगणारा आकडा) गुणिले क्षेत्रफळ भागिले वजन, क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये आणि वजन किलोत, रिकाम्या टाकीचं. उदाहरणार्थ ४० चौरस मीटर, २००० किलो, गुणांक १.५. मग ४० भागिले २००० म्हणजे ०.०२, गुणिले १.५ म्हणजे ०.०३, गुणिले १००० म्हणजे ३०. एकूण २६५ किलोमीटर वर. कक्षा जवळपास गोल हवी, लंबगोल ठेवलीत तर एका टोकाला तो परत वापरातल्या पट्ट्यात येईल.

३०० किलोमीटर वर जायला सेकंदाला ११ मीटरच्या आसपास वेग वाढवावा लागतो, म्हणजे तीनेक महिने जागेवर टिकून राहायला जेवढं फ्युएल लागतं तेवढंच. तीन महिने आधी धंदा बंद करायचा एवढीच किंमत आहे, आणि तरीही लोक चुकतात कारण वजनरहित टाकीत फ्युएल किती उरलं हे नेमकं मोजणं अवघड असतं आणि प्रत्येक महिन्याचं भाडं येत असतं. म्हणून राखीव साठा मोजमापातली चूक धरून ठरवा आणि तो लायसनमध्ये लिहून टाका, म्हणजे मार्केटिंगवाल्यांनी कितीही आग्रह केला तरी तुम्हाला कागद दाखवता येईल. इन्सॅट-४बी जानेवारी २०२२ मध्ये रिटायर केला तेव्हा तो जिओच्या ३४० किलोमीटर वर नेऊन ठेवला, आणि अशी विल्हेवाट लावलेला तो इस्रोचा २१वा जिओ सॅटेलाइट. म्हणजे आपल्याकडे ही सवय आहे, खासगी क्षेत्रानं ती उचलायची आहे.

पॅसिव्हेशन, म्हणजे आतला जीव काढून टाकणं

जागेवर नेऊन ठेवला, काम झालं? नाही. उरलेलं फ्युएल आणि दाबाखालचा गॅस बाहेर सोडायचा, बॅटरी रिकामी करून सोलर पॅनलपासून तोडायची, सॅटेलाइटची दिशा सांभाळणारी आतली फिरती चाकं थांबवायची, सगळ्यात शेवटी ट्रान्समीटर बंद. हा क्रम सांभाळा, ट्रान्समीटर आधी बंद केलात तर बाकीचं झालं की नाही हे कळायला रस्ता नाही. हे सगळं का, तर फेब्रुवारी २०१५ मध्ये अमेरिकेचा डीएमएसपी-एफ१३ हा वीस वर्षांचा हवामान सॅटेलाइट बॅटरीतल्या दोषामुळे कक्षेत फुटला आणि तुकडे पसरले. आपल्याकडेही झालंय, ऑक्टोबर २००१ मध्ये गेलेल्या पीएसएलव्हीचा चौथा टप्पा डिसेंबरमध्ये कक्षेत फुटला, शेकडो तुकडे झाले, त्यानंतर इस्रोनं वरचे टप्पे पॅसिव्हेट करायला सुरुवात केली.

ज्या सॅटेलाइटला स्वतःहून बॅटरी तोडायची सोयच नाही त्याला वरून हुकूम देऊन काही होत नाही, म्हणून ती स्विच सर्किटमध्ये पहिल्या डिझाइनलाच घाला. फ्रिक्वेन्सीचंही विसरू नका, ट्रान्समीटर बंद झाला की आयटीयूकडच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या दूरसंचार संस्थेकडच्या, नोंदीचं काय करायचं ते तुमच्या प्रशासनाशी बोलून ठरवा.

कागद

१९७५च्या नोंदणी कराराप्रमाणे देशानं वस्तूची माहिती संयुक्त राष्ट्रांना द्यायची आणि ती कक्षेत उरली नाही की तेही शक्य तितक्या लवकर कळवायचं. २००७च्या महासभेच्या ६२/१०१ या ठरावात आणखी सुचवलंय की काम कधी थांबलं, डिस्पोजल कक्षेत कधी नेला, हेही कळवावं. तुम्ही थेट व्हिएन्नाला, संयुक्त राष्ट्रांच्या अंतराळ कार्यालयाला, पत्र लिहायचं नाही, तुमच्याकडून माहिती सरकारकडे आणि सरकारकडून तिकडे. पण माहिती तुमच्याकडूनच जाणार, तेव्हा शेवटच्या बर्नची तारीख, अंतिम कक्षा, टाकीचा शेवटचा दाब, बॅटरीचं शेवटचं व्होल्टेज, टक्कर तपासणीचे रिपोर्ट, दिलेले इशारे, सगळं एका फाइलमध्ये ठेवा.

ही फाइल का जपायची ते सांगते, कारण माझ्या मते याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. लायबिलिटी करारात दोन वेगळे नियम आहेत. जमिनीवर किंवा उडत्या विमानाला नुकसान झालं तर जबाबदारी संपूर्ण, चूक होती की नव्हती हा प्रश्नच नाही. अंतराळात एका सॅटेलाइटनं दुसऱ्याला धडक दिली तर मात्र चूक सिद्ध करावी लागते. १० फेब्रुवारी २००९ला सैबेरियाच्या वर जवळपास ७९० किलोमीटरवर चालू असलेला अमेरिकन इरिडियम-३३ आणि बंद पडलेला रशियन कॉस्मॉस-२२५१ एकमेकांवर आदळले, हजारो तुकडे झाले, आणि त्यावरून चूक कुणाची याचा निवाडा कुठल्याही कोर्टात झाला नाही. मेलेला सॅटेलाइट वर तसाच सोडणं ही चूक का, हे अजून कुणी ठरवलेलंच नाही. उद्या ठरेल तेव्हा त्या काळच्या चांगल्या पद्धती पाळल्या होत्या का हेच विचारलं जाईल, आणि गाइडलाइन्स ऐच्छिक असल्या तरी मोजपट्टी म्हणून त्याच समोर येतील असं मला वाटतं. तेव्हा तुमच्या बाजूनं बोलेल ती ही फाइल. जिओच्या वरच्या कक्षेतला सॅटेलाइट तर शेकडो वर्षांनीही तिथंच असणार आणि मालकी तुमच्या देशाचीच, कंपनी विकलीत तर फाइल नव्या मालकाला रीतसर द्या.

आणि वरून काही आपल्याकडे पडलं तर

हे दूरचं वाटतं पण २ एप्रिल २०२२च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला भलंमोठं धातूचं कडं पडलं होतं, ते चिनी रॉकेटच्या टप्प्याचं असावं असा अभ्यासकांचा अंदाज. २०२३च्या जुलैमध्ये उलट झालं, ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावर एक सिलिंडर लागला आणि तो बहुधा पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचा असं तिथल्या अंतराळ संस्थेनं सांगितलं. तेव्हा मोरजीला किंवा पाळोळेला वाळूत गोल टाकी दिसली किंवा जाळ्यात काही आलं तर हात लावू नका, हायड्रॅझिनसारखं फ्युएल विषारी असतं, माणसं लांब ठेवा, ११२ वर फोन करा. घरी नेऊ नका, भंगारात तर अजिबात देऊ नका, कारण कलम ८ प्रमाणे ती अजून त्या देशाची मालमत्ता आहे. अंतराळवीर आणि अंतराळातल्या वस्तू परत करण्याबद्दलच्या १९६८च्या करारानुसार सापडल्याचं सरकारनं त्या देशाला आणि संयुक्त राष्ट्रांना कळवायचं, त्यांनी मागितली तर वस्तू परत द्यायची, खर्च त्यांचा, आणि धोकादायक असेल तर धोका दूर करायची जबाबदारीही त्यांची.

नुकसान झालं तर भरपाई मागता येते. १९७८च्या जानेवारीत अणुभट्टी असलेला सोव्हिएत कॉस्मॉस-९५४ कॅनडात पडला, कॅनडानं ६० लाख कॅनेडियन डॉलरच्या आसपास मागितले आणि १९८१ मध्ये ३० लाखांवर तडजोड झाली. पण हा दावा तुम्ही-आम्ही करत नाही, भारत सरकार राजनैतिक मार्गानं करतं. आणि वस्तू भारताचीच असेल, नुकसान भारतीय माणसाचं असेल, तर तो करार लागूच होत नाही. कुटबणच्या ट्रॉलरवर चिनी टाकी पडली तर संपूर्ण जबाबदारीचा नियम, आणि भारतीय टाकी पडली तर इथल्या नेहमीच्या कोर्टात नेहमीच्या कायद्यानं लढा. खासगी लॉंच वाढत जाणार, म्हणून मला तो अंतराळ कायदा लवकर हवाय आणि त्यात आपल्याच माणसांना संपूर्ण जबाबदारीची भरपाई हवीय.

परदेशी वस्तूसाठीच्या दाव्याची मुदत एक वर्ष, नुकसान झालं त्या तारखेपासून किंवा जबाबदार देश कळला त्या तारखेपासून. म्हणून पहिल्याच दिवशी मामलेदाराकडून पंचनामा करून घ्या, वस्तू हलवायच्या आधी फोटो, जागेचे अक्षांश-रेखांश, तुटलेल्या होडीची किंवा घराची पावतीसकट किंमत, डॉक्टरकडे गेला असाल तर ते कागद, आणि त्या सगळ्याची एक प्रत कलेक्टर ऑफिसात देऊन पोच घ्या.